कागदावर जगलेला सिनेमा

न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे थॉमस एडिसनच्या कारखान्याच्या आवारात एक चमत्कारिक बांधकाम होतं. बाहेरून डांबरी कागद ठोकलेला, आत सगळीकडे काळा रंग, छपराचा एक भाग उघडता येणारा. ऊन सरकेल तशी ही अख्खी खोली रुळावर फिरवता येई. कामगारांनी कैदी नेणाऱ्या पोलीसगाडीवरून तिचं नाव ‘ब्लॅक मारिया’ ठेवलं होतं. १८९४ च्या जानेवारीत, अगदी पहिल्या आठवड्यात, फ्रेड ऑट नावाच्या कारागिराने इथे कॅमेऱ्यासमोर तपकीर ओढली आणि तो शिंकला. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाला शिंकणाऱ्या माणसाची चित्रं हवी होती, म्हणून हा खटाटोप.

काम पार पाडणारा होता एडिसनचा मदतनीस विल्यम केनेडी लॉरी डिक्सन. डिक्सनने शिंकेच्या पंचेचाळीस फ्रेम कागदावर छापल्या आणि वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे कॉपीराइटच्या नोंदणीसाठी धाडून दिल्या. ९ जानेवारीला त्यांची नोंद झाली. कॉपीराइटची नोंद झालेल्या ज्या चित्रपटांची प्रत आज हाती आहे, त्यांतला हा सर्वांत जुना. लांबी पाच सेकंदांच्या आसपास.

ही नोंद कुठल्या सदरात करायची, हा प्रश्न होताच. चित्रपट हा शब्दही कायद्यात नव्हता. पुस्तक होतं, नकाशा होता, नाटक होतं, आणि १८६५ पासून छायाचित्रही होतं. छायाचित्राला तरी हक्क का द्यायचा, यंत्राने उमटवलेल्या गोष्टीत माणसाची करामत ती काय, असा वाद निघाला होता. पण १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराच्या बाजूने निकाल दिला. त्याने काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्रामागे मांडणी, वेष, प्रकाश यांची कल्पकता आहे, असं न्यायालयाने मानलं. डिक्सनने शिंकेची नोंद छायाचित्र म्हणून केली. दुसरा मार्ग नव्हता.

अमेरिकेत १८७० पासून शिरस्ता असा होता की हक्क हवा असेल तर नोंद करा, फी भरा आणि कामाच्या दोन प्रती लायब्ररीत जमा करा. चित्रपटवाल्यांनी याच वाटेने जायचं ठरवलं. त्या काळची फिल्म नाइट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली की भडकणारी. शिवाय नोंद व्हायची ती छायाचित्र म्हणून. तेव्हा फिल्मच्याच रुंदीची, प्रकाशाला संवेदनशील असा लेप दिलेली कागदाची लांब पट्टी घ्यायची, निगेटिव्हला चिकटवून तिच्यावर एकेक फ्रेम छापायची, धुवून वाळवायची, गुंडाळी करायची आणि टपालाने वॉशिंग्टनला पाठवायची. पडद्यावर दाखवायला ही गुंडाळी काही कामाची नाही, कारण कागदातून प्रकाश पार जात नाही. ती फक्त मालकीचा पुरावा. कुणी पूर्ण चित्रपट कागदावर छापून पाठवी, कुणी प्रत्येक दृश्यातल्या चारदोन फ्रेम पाठवून भागवी. १८९४ ते १९१२ या काळात अशा तीन हजारांहून अधिक चित्रपटांच्या गुंडाळ्या लायब्ररीत जमल्या.

त्यांचं पुढे जे झालं ते मला सिनेमाच्या इतिहासातलं मोठं भाग्य वाटतं, आणि त्याकडे मी येणारच आहे. आधी या हक्काला कोर्टात आकार कसा आला ते पाहायला हवं.

फिलाडेल्फियात झिगमंड लुबिन नावाचा चष्मेवाला होता. भिंगांच्या धंद्यातून तो चित्रपटांच्या धंद्यात शिरला. तेव्हा चित्रपट फुटाच्या भावाने विकले जात. प्रिंट ज्याने विकत घेतली तो ती हवी तिथे, हवी तितक्यांदा दाखवी. लुबिन दुसऱ्याची प्रिंट विकत घेई, ती कोऱ्या निगेटिव्ह फिल्मवर दाबून धरी, तिच्यातून उजेड सोडी आणि मूळ कॅमेऱ्याला हातही न लावता नवी निगेटिव्ह तयार करी. मग तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रिंटा काढायच्या. अशा नकलेत करडे पदर नाहीसे होतात, चेहरे पांढरेफटक आणि सावल्या काळ्याकुट्ट होतात. गावोगावच्या प्रेक्षकाला ते कळत नसे, कळलं तरी तक्रार नसे. लुबिन एकटा नव्हता. एडिसनची कंपनीही युरोपातल्या चित्रपटांच्या नकला बिनदिक्कत विकत होती.

२५ फेब्रुवारी १९०२ ला न्यूयॉर्कजवळच्या शूटर्स बेटावर जर्मन सम्राट विल्हेल्म यांच्या ‘मेटिऑर’ या नौकेचं जलावतरण झालं. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कन्येच्या, ॲलिसच्या हस्ते. एडिसनच्या माणसांनी खुंटीवर फिरणारा कॅमेरा लावून तो सोहळा टिपला आणि त्याची नोंद एक छायाचित्र म्हणून केली. लांबी सुमारे ३०० फूट, त्यात सुमारे ४,५०० फ्रेम. लुबिनने त्याची नक्कल विकायला काढली. एडिसनने दावा लावला.

लुबिनच्या बाजूचं म्हणणं वरवर पाहता बिनतोड होतं. कायदा छायाचित्राला संरक्षण देतो, आणि इथे तर छायाचित्रं साडेचार हजार आहेत. प्रत्येकाची वेगळी नोंद कुठे आहे? जानेवारी १९०३ मध्ये खालच्या कोर्टाने हे मान्य केलं. क्षणभर विचार करा, हा निकाल टिकला असता तर काय झालं असतं. पाच मिनिटांच्या चित्रपटाला हजारो अर्ज, हजारो वेळा फी. चित्रपट काढणं आणि तो उघड्यावर टाकून देणं यात काही फरकच राहिला नसता.

अपिलात एप्रिल १९०३ मध्ये निकाल फिरला. न्यायमूर्ती बफिंग्टन यांचं विवेचन मला आजही वाचण्याजोगं वाटतं. त्यांनी आधी पट्टी डोळ्यांपुढे धरल्यासारखं तिचं वर्णन केलं. लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक डोळ्याला कळतच नाही, एका ओळीतल्या कित्येक फ्रेम पाहणाऱ्याला एकसारख्याच वाटतील. मग एकच चित्र राखण्यासाठी अनेक चित्रांची नोंद मागणं व्यर्थ आहे. पट्टीचं मोल ती अखंड असण्यात आहे. कायदा लिहिणाऱ्यांना हे यंत्र माहीत नव्हतं हे खरं, पण कायद्याचा हेतू त्याला कवेत घेण्याइतका रुंद आहे. चित्रपट ही एक अखंड वस्तू आहे, असं कोर्टाने या निकालात मान्य केलं.

पॅरिसच्या जॉर्ज मेलिएसला याच सुमारास मोठा फटका बसला होता. त्याची ‘चंद्रावरची सफर’ १९०२ मध्ये आली आणि अमेरिकाभर गाजली, पण तिथल्या नकलांचा पैसा एडिसन, लुबिन आणि मंडळींच्या गल्ल्यात गेला. मेलिएसने १९०३ मध्ये भाऊ गॅस्टनला न्यूयॉर्कला कचेरी उघडायला पाठवलं. गॅस्टनही आता कागदाच्या गुंडाळ्या वॉशिंग्टनला पाठवू लागला.

कायद्यावर विसंबून न राहता निर्मात्यांनी आणखी एक युक्ती काढली. नक्कल करणारा शीर्षकाची पाटी कापून टाकतो, म्हणून त्यांनी आपली खूण थेट नेपथ्यातच ठोकली. मेलिएसच्या देखाव्यात कुठे तरी तारा दिसतो, पाथे कंपनीच्या चित्रपटांत कोंबडा, आणि बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांत भिंतीवर वर्तुळातली ए-बी ही अक्षरं. बायोग्राफसाठी काम करणाऱ्या दिग्दर्शक ग्रिफिथचे सुरुवातीचे चित्रपट नीट पाहा. गरीब विधवेच्या खोलीत रडारड चालली आहे आणि मागच्या भिंतीवर मालकाची मुद्रा लटकते आहे. पुढच्या काळात टीव्हीच्या कोपऱ्यात वाहिन्यांची चिन्हं आली, त्यांचा हा पूर्वज. तेव्हा ती खिळ्याने ठोकावी लागे, एवढंच.

पट्टीची नक्कल चोरी ठरली. पण पट्टीला हात न लावता तीच गोष्ट स्वतः पुन्हा चित्रित केली तर? १९०४ मध्ये बायोग्राफने ‘पर्सनल’ हा विनोदी चित्रपट काढला. एक फ्रेंच उमराव वर्तमानपत्रात वधू पाहिजे अशी जाहिरात देतो, न्यूयॉर्कमध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्या समाधीपाशी भेटायचं ठरवतो, आणि तिथे एक सोडून बायकांचा थवाच हजर होतो. मग पळापळ. लोक पोट धरून हसले. एडिसनच्या एडविन पोर्टरने त्याच वर्षी हीच गोष्ट, तीच जागा, तीच पळापळ घेऊन आपला चित्रपट बनवला, नुसतं नाव लांबलचक दिलं. लुबिननेही आपली आवृत्ती काढली. बायोग्राफने एडिसनला कोर्टात खेचलं. काल जो लुबिनवर चोरीचा दावा लावत होता, तो आज प्रतिवादीच्या जागी उभा होता. पोर्टरने शपथपत्रावर सांगितलं की उमरावाची माझी कल्पना वेगळी आहे, मी माझ्या पद्धतीने गोष्ट सांगितली आहे. न्यू जर्सीच्या कोर्टाने बायोग्राफला मनाई हुकूम दिला नाही. चित्रांची नक्कल झालेली नाही आणि कल्पना कुणाच्या मालकीची नसते, असा त्याचा मथितार्थ.

ही रेघ आपल्याकडेही तशीच ओढली गेली, त्याला सत्तराहून अधिक वर्षं लागली. दिल्लीचे आर. जी. आनंद पेशाने वास्तुविशारद आणि मनाने नाटककार. त्यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक १९५४ मध्ये दिल्लीत रंगभूमीवर आलं. शेजारी राहणारं पंजाबी कुटुंब आणि मद्रासी कुटुंब, मुलामुलीचं प्रेम, आईबापांचा प्रांताभिमान. दिग्दर्शक मोहन सेहगल यांनी नाटकात रस दाखवला, आनंद यांनी त्यांना ते वाचूनही दाखवलं, पुढे काही ठरलं नाही. मग १९५६ मध्ये सेहगल यांचा ‘न्यू दिल्ली’ आला, किशोर कुमार आणि वैजयंतीमाला यांचा. पंजाबी मुलगा, मद्रासी मुलगी, तोच प्रांताभिमान. आनंद कोर्टात गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. नाटक आणि चित्रपट दोन्ही पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला ही नक्कल आहे असं वाटतं का, ही कसोटी. चित्रपटात घरभाड्याच्या बाबतीतला प्रांतभेद आणि हुंडा हे विषय वेगळे आले आहेत, हेही न्यायालयाने मोजलं. न्यायमूर्ती पाठक यांना मात्र निकाल देताना अडखळायला झालं. खालच्या दोन कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला होता म्हणून ते सहमत झाले. मला त्यांची अडखळ योग्य वाटते. नाटक वाचून दाखवणाऱ्या माणसाला बावीस वर्षांनी मिळालेलं उत्तर कायद्याने बरोबर असेल, त्याचा सल मात्र कुठल्याही निकालाने निघाला नसता.

अमेरिकेत या रेघेची खरी परीक्षा झाली ती एका रथांच्या शर्यतीवरून.

जनरल लू वॉलेस यांची ‘बेन-हर’ ही कादंबरी १८८० मध्ये हार्पर अँड ब्रदर्सने छापली. १८९९ मध्ये तिचं नाटक झालं, आणि त्यात रंगमंचावर खरे घोडे सरकत्या पट्ट्यांवर धावत. कादंबरीवरून नाटक करण्याचा हक्क १८९१ पासून लेखकाकडे राखून ठेवलेला होता, तो नाटकवाल्यांनी विकत घेतला होता. १९०७ मध्ये कॅलेम नावाच्या नव्या कंपनीला वाटलं की आपणही ‘बेन-हर’ करावा. ब्रुकलिनमधल्या शीप्सहेड बे इथे आतषबाजीचे खेळ करणारी मंडळी होती, त्यांचा सरंजाम तयार होता, रथ-घोड्यांची सोय होती. कंपनीची नटी आणि लेखिका जीन गाँटिए हिला घाईने पटकथा लिहायला बसवलं. सिडनी ओल्कॉटने दिग्दर्शन केलं. सोळा देखावे, हजारेक फूट, एक रीळ. जाडजूड कादंबरी पाव तासात. परवानगी मागायची असते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कादंबऱ्या, कविता, नाटकं, जे हाती येईल त्यावर तेव्हा सगळेच चित्रपट काढत होते.

हार्पर, नाटकवाले आणि वॉलेस यांचे वारस यांनी दावा लावला. कॅलेमची बाजू दुबळी नव्हती. चित्रपटात शब्द नाहीत, म्हणून ते नाटक नव्हे. आम्ही छायाचित्रं विकतो, आणि कादंबरीतल्या प्रसंगाचं चित्र कुणीही काढू शकतो. शिवाय चित्रपट दाखवतो तो थिएटरवाला, आम्ही फक्त फिल्म विकतो. खटला चार वर्षं चालून सर्वोच्च न्यायालयात पोचला. १३ नोव्हेंबर १९११ ला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला.

होम्स यांनी आधी मूकनाट्य घेतलं. शब्दांवाचून, नुसत्या हालचालींनी गोष्ट सांगता येते आणि तेही नाटकच. आता समजा, हे मूकनाट्य प्रेक्षकांनी थेट न पाहता आरशातल्या प्रतिबिंबात पाहिलं. तेवढ्याने ते नाटक राहत नाही का? मग यंत्राने पडद्यावर पाडलेलं प्रतिबिंब वेगळं कसं? थिएटरवाल्याचा मुद्दाही त्यांनी सोडला नाही. कॅलेमने जाहिरातीतच ‘बेन-हर’ म्हणून हे विकलं, याचा वापर कशासाठी होणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून जबाबदारी त्यांची. दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या उल्लंघनाला हातभार लावणारा कधी जबाबदार ठरतो, या प्रश्नावर हा निकाल पुढेही आधाराला घेतला गेला, अगदी घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरवरच्या १९८४ च्या खटल्यापर्यंत.

कॅलेमला तडजोडीत २५,००० डॉलर मोजावे लागले. एका रिळासाठी त्या काळी ही जबर किंमत होती. त्यानंतर चित्रपट कंपन्यांना कादंबरीकारांच्या दारी जावं लागलं. कथेचा हक्क विकत घेणं हा चित्रपटाच्या खर्चातला रीतसर भाग झाला. लेखकाला मिळालेला हा न्याय मला होम्स यांच्या आरशाहून मोलाचा वाटतो.

निकालाला वर्षही झालं नव्हतं, तोच अमेरिकी काँग्रेसने कायदा दुरुस्त केला. न्यू जर्सीचे प्रतिनिधी एडवर्ड टाउनसेंड यांची ही दुरुस्ती २४ ऑगस्ट १९१२ ला अमलात आली. ते स्वतः लेखकही होते. चित्रपटाला कायद्यात त्याचं स्वतःचं सदर मिळालं. आता तो छायाचित्र म्हणून, उसन्या नावाने नोंदवायची गरज उरली नाही. कागदावर छापायचीही गरज उरली नाही. खरी फिल्म द्यायची. आणि इथेच घात झाला. स्फोटक नाइट्रेट लायब्ररीला ठेवून घेता येईना. म्हणून नोंद झाली की प्रती निर्मात्याला परत जाऊ लागल्या, लायब्ररीत राहिलं ते कथेचं वर्णन आणि कागदपत्र. १९१२ नंतर तीसेक वर्षं असंच चाललं.

मालकांनी त्या प्रतींचं काय केलं? बोलपट आल्यावर मूकपट अडगळ झाले. गोदामं जळाली, रिळं कुजून चिकट झाली, कित्येक चांदीसाठी वितळवली गेली. अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात सुमारे ११,००० मूक कथापट निघाले, त्यांतले मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले १४ टक्के आहेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच २०१३ च्या पाहणीत निघालं. हक्क पक्का होता, मालक ठाऊक होता, आणि वस्तू गेली. उलट ज्या काळात हक्कच डळमळीत होता, त्या काळातले तीन हजार चित्रपट तळघरात शाबूत पडून होते.

१९३९ च्या सुमारास कॉपीराइट कचेरीतल्या हॉवर्ड वॉल्स याचं लक्ष या गुंडाळ्यांकडे गेलं. कागद आकसलेला, वळलेला, ठिसूळ. कडेची भोकं कुठे आहेत, कुठे नाहीत, रुंदीही एकसारखी नाही. प्रोजेक्टरमधून तो जाणार नव्हता. प्रत्येक फ्रेम सरळ करून तिचं नव्याने छायाचित्र घ्यायचं आणि त्यातून फिल्म बनवायची, एवढाच उपाय. हे काम अखेर केंप नायव्हर यांनी तडीला नेलं. लॉस एंजेलिसमध्ये पोलिसात काम केलेला हा माणूस वर्षानुवर्षं हजारो गुंडाळ्या फ्रेमगणिक १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवत बसला. १९५५ च्या समारंभात त्यांना या कामासाठी मानाचं ऑस्कर मिळालं. शिंक पुन्हा हलली, ती याच कागदांच्या कृपेने.

एव्हाना या चित्रपटांवरचे हक्क संपले होते. ते सगळ्यांचे झाले होते, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांच्या हाती येण्याजोगे होते. न्यूयॉर्कच्या केन जेकब्सने १९०५ चा ‘टॉम, टॉम, द पायपर्स सन’ हा बायोग्राफचा छोटा चित्रपट घेतला. तो पडद्यावर चालवून पुन्हा चित्रित केला, थांबवला, मागे नेला, कोपऱ्यातला एखादा चेहरा पडदाभर होईस्तोवर जवळ आणला, आणि १९६९ मध्ये त्यातून सुमारे दोन तासांचा नवा चित्रपट तयार केला. गर्दीतल्या ज्या माणसांकडे १९०५ मध्ये कुणी पाहिलं नसेल त्यांना पाहायला त्याने भाग पाडलं. हक्क संपल्यावर समाजाला काय मिळतं याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आपल्याकडे. पुस्तकांच्या बाबतीत इंग्रज सरकारने १८६७ चा कायदा करून प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत मागून घेतली. हेतू नजर ठेवण्याचा होता. पण एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तकं आज लंडनला सापडतात, ती त्यामुळे. चित्रपटाला असं काही लागू झालं नाही. १९१३ मध्ये ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढच्याच वर्षी १९११ चा ब्रिटिश कायदा थोड्या फेरफाराने भारताचा कॉपीराइट कायदा झाला. त्यात हक्कासाठी नोंदणीची अट नव्हती. लेखकाच्या दृष्टीने हे चांगलंच, काम केलं की हक्क आपोआप मिळतो. पण नोंदणी नाही म्हणून प्रतही नाही. छायाचित्राच्या बाबतीत त्या कायद्याने निगेटिव्हचा मालक हाच कर्ता मानला, आणि मूकपटाची पट्टी मुख्यतः त्याच नियमाखाली येई. दादासाहेब फाळक्यांनी घरदार पणाला लावून, पत्नी सरस्वतीबाईंच्या हातांनी रात्ररात्र फिल्मला भोकं पाडून जे उभं केलं, त्याची मालकी कायद्याच्या लेखी एका डब्यात होती. १९१८ पासून ते डबे भांडवलदार भागीदारांच्या कंपनीचे झाले, आणि फाळके मतभेद होऊन बाहेर पडले तेव्हा चित्रपट मागेच राहिले.

आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट निघाले. आज तुकड्यांसकट हाती आहेत ते तीसच्या आतबाहेर. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि योगायोग असा की ‘राजा हरिश्चंद्र’वरचा पन्नास वर्षांचा हक्क १९६३ अखेर संपत होता. पुढच्या वर्षी तिथे रुजू झालेले पी. के. नायर नाशिकला, कोल्हापूरला, कलकत्त्याला, मद्रासला रिळांच्या मागे हिंडले. कुठे वारसांच्या माळ्यावर गंजलेले डबे मिळाले, कुठे रिळं चांदीसाठी गेल्याचं ऐकावं लागलं. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं आज पाहता येतात. तीही १९१३ ची की फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. वॉशिंग्टनच्या तळघरासारखी एखादी गुंडाळी असती, तर हा वाद एका दुपारी मिटला असता.

१९५७ च्या कायद्याने चित्रपटाला आपल्याकडे स्वतंत्र जागा दिली आणि निर्माता हाच त्याचा कर्ता ठरवला. दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावं असा प्रस्ताव २०१० च्या विधेयकात होता, तो गळला. हक्काची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षं होती, ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साठ झाली. त्यामागे टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपत आल्याचं निमित्त होतं.

आणि रास्त वापराचं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातून परवानगीवाचून घेण्याच्या मुभेचं काय? शाळा-महाविद्यालयात विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुढे चित्रपट दाखवायला कायद्याची मुभा आधीपासून आहे. पण समीक्षेसाठी रास्त वापर करू देणारं कलम २०१२ पर्यंत साहित्य, नाट्य, संगीत आणि चित्रकृती यांपुरतं होतं. त्यात चित्रपट नव्हता! कादंबरीवर लिहिताना उतारा देता येई. चित्रपटावर माहितीपट करताना त्या चित्रपटातला तुकडा दाखवायचा तर हे कलम मदतीला येत नसे. चित्रपटावरची आपली समीक्षा इतकी वर्षं शब्दांतच का अडकून पडली, त्याची कारणं अनेक असतील, हे एक आहेच. २०१२ च्या दुरुस्तीने हे कलम चित्रपटालाही लागू केलं. तरी आज व्हिडिओ करणाऱ्या तरुणांमध्ये दहा सेकंदांपर्यंत घेतलं तर चालतं असा समज सर्रास ऐकू येतो. असा सेकंदांचा आकडा कायद्यात कुठेही नाही, ना आपल्या, ना अमेरिकेच्या. कशासाठी घेतलं, किती घेतलं, मूळ कामाच्या बाजाराला त्याने धक्का बसतो का, हे पाहिलं जातं. तीन मिनिटं घेऊन बारकाईने विश्लेषण करणारा सुटू शकतो आणि दहा सेकंदांचं गाणं जाहिरातीला लावणारा अडकू शकतो.

बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात मजूर होतो, ही गोष्ट. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. त्यावरचा हक्क केव्हाच संपला आहे. कोल्हापुरातला एखादा मुलगा आज त्याची दृश्यं हवी तशी कापून, थांबवून, मोठी करून नवा चित्रपट बनवू शकेल, कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना द्यावी लागते, चित्रपटाचा त्यात उल्लेख नाही. तो यायला हवा, निर्मात्याच्या हक्काला जराही धक्का न लावता, आणि चित्रपट मालकाच्या गोदामात पडून खराब होण्याच्या आत.